बाप गेला की पेले पुन्हा भरावे लागतात: यामागुची-गुमीच्या गादीची गोष्ट

२३ जुलै १९८१ रोजी ताओका काझुओ हृदयविकाराने वारला. जपानच्या कोबे शहरातल्या यामागुची-गुमी या टोळीचा तो तिसरा प्रमुख. १९४६ साली त्याने सूत्रं हाती घेतली तेव्हा टोळीत जेमतेम ३३ माणसं होती, असं सांगतात. तो गेला तेव्हा ती जपानमधली सर्वांत मोठी टोळी झाली होती आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या होत्या. तरीही त्याच्या जागी पुढची जवळजवळ तीन वर्षं कुणालाच बसता आलं नाही. शेवटी एक जण बसला, तेव्हा टोळी उभी फाटली. नवा प्रमुख आठ महिन्यांच्या आत गोळ्या लागून मेला आणि त्यातून पेटलेलं भांडण मिटायला १९८९ साल उजाडलं.

वरच्याचा शब्द खालच्याने मोडायचा नाही, हा ज्या संघटनेचा पहिला नियम, तीच संघटना वारस ठरवायची वेळ आली की अशी का कोसळते? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. वाचत गेलो तसं उमगत गेलं, की ही टोळी ज्या बंधनामुळे एकत्र राहते, तेच बंधन प्रमुख गेला की तिला फोडतं. हे समजून घ्यायचं तर आधी एका छोट्याशा चिनीमातीच्या पेल्याकडे पाहावं लागतं.

त्याआधी नावांबद्दल दोन शब्द. जपानी माणसं आडनाव आधी लावतात, इथेही तसंच ठेवलं आहे. ‘कुमी’ म्हणजे गट. जोडून आला की त्याचा ‘गुमी’ होतो. ‘काई’ म्हणजे संघ. टोळीच्या प्रमुखाला म्हणतात कुमिचो. आणखी एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल: जपानमध्ये अशा टोळीचं सदस्य असणं हा गुन्हा नाही. टोळीच्या कार्यालयाचा पत्ता पोलिसांना ठाऊक असतो, कुणाला कोणतं पद मिळालं हे वर्तमानपत्रांत छापून येतं. म्हणूनच गादीवरच्या भांडणाचा एवढा तपशील उघड्यावर आहे.

पेल्याचं नातं

याकुझा म्हणजे जपानमधले संघटित गुन्हेगार. त्यांच्या टोळीत माणूस भरती होत नाही, तो मुलगा होतो. प्रमुख म्हणजे ओयाबुन, शब्दशः ‘बापाच्या जागी असलेला’. हाताखालचा तो कोबुन, म्हणजे ‘मुलाच्या जागी असलेला’. हे नातं जुळतं ते साकाझुकी या विधीत. साकाझुकी म्हणजे साके, अर्थात तांदळाची दारू, पिण्याचा उथळ पेला. शिंतो या जपानी धर्माच्या देवघरासमोर साके, मीठ आणि मासा मांडतात, मध्यस्थ आणि साक्षीदार बसतात. बाप पेल्यातली साके पितो, मग मुलगा उरलेली पिऊन संपवतो आणि तो पेला कागदात गुंडाळून किमोनोच्या छातीशी ठेवतो. त्या क्षणापासून बाप काळ्याला पांढरं म्हणाला तर मुलानेही पांढरंच म्हणायचं.

भावाचं नातंही पेल्यानेच जुळतं, आणि त्यात मोजमाप असतं. दोघांनी सारखी साके प्यायली तर ते बरोबरीचे भाऊ. एकाने सहा भाग आणि दुसऱ्याने चार प्यायले, तर पहिला थोरला आणि दुसरा धाकटा. सात-तीनचंही नातं असतं. अंतर जितकं जास्त, तितका धाकट्याने जास्त वाकायचं. कोण कुणाचा कोण, हे त्या घोटांत ठरतं आणि जन्मभर पुसलं जात नाही.

आता यातली कळीची गोष्ट. पेला बांधतो तो माणसाला माणसाशी. तो माणसाला संघटनेशी बांधत नाही. एखाद्या पोलीस ठाण्यात नवा साहेब आला, तर शिपायाला नव्याने नोकरीला लागावं लागत नाही. त्याचा सलाम खुर्चीला असतो. टोळीत तसं नाही. ताओकाच्या हातून पेला घेतलेला माणूस ताओकाचा मुलगा होता. ताओका गेल्यावर तो कुणाचाच मुलगा उरला नाही. पुढच्या प्रमुखाला त्याने बाप मानायचं असेल, तर नवा पेला भरावा लागतो. याला पेला ‘नव्याने करणं’ म्हणतात. थोडक्यात, प्रत्येक वारसाच्या वेळी टोळीतली सगळी नाती सुटतात आणि पुन्हा बांधावी लागतात.

त्यात आणखी एक अडचण आहे. यामागुची-गुमीच्या प्रमुखाच्या हातून थेट पेला घेतलेली जी माणसं असतात, त्यांना जिकिसान म्हणतात. हे जिकिसान साधे हस्तक नसतात. प्रत्येक जण स्वतःच्या टोळीचा बाप असतो. त्याच्या मुलांचीही पुन्हा स्वतःची मुलं, अशी ही उतरंड चार-पाच थर खाली जाते. खालच्या थरातला पोरगा कोबेच्या मुख्य प्रमुखाचा मुलगा नसतो. त्याचा बाप वेगळा. त्यामुळे एखाद्या जिकिसानने नवा पेला नाकारला, तर एक माणूस घटत नाही, झाडाची अख्खी फांदी जाते, पानाफुलांसकट.

आणि नाकारायची कारणं असतातच. कालपर्यंत जो बरोबरीचा भाऊ होता, त्याला आज ‘बाप’ म्हणायचं, तेही तो वयाने लहान असताना! हे ज्याच्या गळी उतरत नाही त्याच्यासाठी मधली वाट आहे: नव्या प्रमुखाचा धाकटा भाऊ, म्हणजे शातेई व्हायचं. त्यात मान राहतो. पण वारसा बापाकडून मुलाकडे जातो, भावाकडे जात नाही. म्हणजे शातेई झालात की गादीच्या रांगेतून बाहेर पडलात. तिसरी वाट निवृत्तीची आणि चौथी बंडाची. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात ती हीच, फक्त इथे भाऊ रक्ताचे नसतात.

दुसऱ्या नंबरची खुर्ची

मग पुढचा प्रमुख ठरतो कसा? रक्ताच्या मुलाला गादी मिळते असा आपला पहिला अंदाज असतो. यामागुची-गुमीत ते एकदाच घडलं. यामागुची हारुकिची हा आवाजी बेटावरचा कोळी कोबेला आला आणि १९१५ साली त्याने गोदी कामगारांची टोळी उभी केली. १९२५ साली त्याचा मुलगा नोबोरू दुसरा प्रमुख झाला. तो १९४२ साली वारला आणि त्यानंतर यामागुची घराण्यातलं कुणी गादीवर बसलेलं नाही. नाव तेवढं राहिलं.

ताओकानंतर मतदान नाही, लेखी घटना नाही. संकेत असा, की टोळीत वाकागाशिरा नावाचं पद असतं. शब्दाचा अर्थ ‘तरुणांचा म्होरक्या’. सगळ्या मुलांमधला तो थोरला, रोजचा कारभार त्याच्या हाती. प्रमुख गेला की तोच पुढचा, असं सगळ्यांनी धरून चालायचं. म्हणजे प्रमुख हयात असताना वाकागाशिरा नेमला, की वारस निम्मा ठरलाच. त्यामुळेच खरी चुरस गादीपेक्षा या दुसऱ्या खुर्चीसाठी असते. ती रिकामी राहिली किंवा तिच्यावर बसलेला अवेळी गेला, तर पुढचं काहीच सांगता येत नाही.

ताओकाच्या वेळी नेमकं तेच झालं. त्याचा वाकागाशिरा होता यामामोतो केनइची, यामाकेन-गुमी या बलाढ्य शाखेचा संस्थापक. तोच चौथा होणार हे सगळे जाणून होते. पण ताओका वारला तेव्हा तो शिक्षा भोगत होता आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये आजारपणात तोही गेला. सात महिन्यांत पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर संपले.

या पोकळीत पुढे आली ताओकाची विधवा, फुमिको. टोळीच्या उतरंडीत बायकांना पद नसतं, त्या पेला पीत नाहीत. तरीही मेलेल्या बापाची इच्छा काय होती हे सांगू शकणारं माणूस तीच होती, आणि त्या शब्दाला वजन होतं. तात्पुरता कारभार यामामोतो हिरोशीकडे गेला (हा दुसरा यामामोतो, पहिल्याशी त्याचं नातं नाही) आणि वाकागाशिरा झाला ताकेनाका मासाहिसा. दोघांनाही गादी हवी होती. फुमिकोने ताकेनाकाच्या बाजूने कौल दिला. ५ जून १९८४ रोजी तो चौथा कुमिचो म्हणून जाहीर झाला.

हिरोशी आणि त्याच्या साथीदारांनी पेला नाकारला. त्यांनी इचिवा-काई नावाची स्वतंत्र संघटना काढली. सुरुवातीला तिच्याकडे सहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि मूळ टोळीत त्याहून कमी उरली. काही महिन्यांतच पारडं फिरलं. आपला माल, आपला इलाका, आपली ओळख ज्या नावावर चालते ते नाव यामागुची-गुमीकडेच होतं, आणि खालची माणसं परतू लागली. टोळीचं चिन्ह, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकारातलं ‘यामा’ हे अक्षर, कोटावर लावता येणं ही या धंद्यात मोठी मिळकत आहे. ते चिन्ह पाहूनच समोरचा पैसे देतो.

खचत चाललेल्या इचिवा-काईने मग थेट बापावरच नेम धरला. २६ जानेवारी १९८५ च्या रात्री ओसाकाजवळच्या सुइता शहरात, मैत्रिणीच्या इमारतीत लिफ्टपाशी उभ्या असलेल्या ताकेनाकावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्यासोबत त्याचा वाकागाशिरा नाकायामा कात्सुमासा आणि आणखी एक जण होता. तिघेही वाचले नाहीत. पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर गमावण्याची चार वर्षांतली ही दुसरी वेळ. पुढे झालेल्या लढाईत पंचवीस माणसं मेली आणि सत्तरच्या आसपास जखमी झाली. मार्च १९८९ मध्ये यामामोतो हिरोशीने इचिवा-काई विसर्जित केली आणि यामागुची-गुमीच्या दारात जाऊन माफी मागितली. त्याच वर्षी यामाकेन-गुमीचा वातानाबे योशिनोरी पाचवा कुमिचो झाला.

इथे एक माणूस मला फार लक्षणीय वाटतो: मेलेल्या ताकेनाकाचा सख्खा भाऊ ताकेशी, ओकायामातल्या ताकेनाका-गुमीचा प्रमुख. त्याचं म्हणणं साधं होतं. माझ्या भावाला मारणाऱ्या संघटनेचा म्होरक्या जिवंत आहे आणि तुम्ही तह करता? त्याने वातानाबेचा पेला घेतला नाही, तो टोळीबाहेर पडला. मग ज्या टोळीचा प्रमुख त्याचा भाऊ होता, तिनेच त्याच्या माणसांवर हल्ले केले. पेल्याचं नातं रक्ताच्या नात्यापेक्षा मोठं, असं ही टोळी अभिमानाने सांगते. त्या वाक्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, तो इथे दिसतो.

रिकामी खुर्ची आणि एकाच घरातले तिघे

वातानाबेच्या काळात टोळी मोठी झाली, आणि त्याच्या मूळ शाखेचा तोरा वाढला. ‘यामाकेन नाही तो यामागुची नाही’ अशी म्हणच पडली. कारभार मात्र वाकागाशिरा ताकुमी मासारू पाहत असे. १९९६ साली क्योतोजवळ एका न्हाव्याच्या दुकानात नाकानो तारो या जिकिसानवर प्रतिस्पर्धी टोळीने हल्ला केला. तो वाचला. ताकुमीने त्याला न विचारता परस्पर समेट करून टाकला, आणि तो सल नाकानोच्या मनात राहिला. २८ ऑगस्ट १९९७ रोजी कोबेच्या एका मोठ्या हॉटेलच्या कॉफी लाउंजमध्ये नाकानोच्या माणसांनी ताकुमीला गोळ्या घातल्या. शेजारच्या टेबलावर एक दंतवैद्य बसला होता. त्याचा या कशाशीही संबंध नव्हता. त्यालाही गोळी लागली आणि तो मेला.

त्यानंतर वाकागाशिराची जागा २००५ पर्यंत रिकामी होती. वारस न नेमण्यात प्रमुखाचा एक तात्पुरता फायदा असतो: वारस नाही म्हणजे आपल्याला हटवणाराही नाही. पण तेवढ्या वर्षांत खालची माणसं वाट बघत म्हातारी होतात. मे २००५ मध्ये नागोयाच्या कोदो-काई या शाखेचा संस्थापक त्सुकासा शिनोबू वाकागाशिरा झाला आणि जुलैअखेर तो सहावा कुमिचोही झाला. वातानाबे जिवंतपणी निवृत्त झाला. या टोळीत हे क्वचितच घडलं होतं. आधीच्या चौघांपैकी हारुकिचीनेच तेवढी जिवंतपणी मुलाला गादी दिली होती, बाकीचे तिघे मरेपर्यंत गादीवर होते.

कोबेची गादी पहिल्यांदाच नागोयाच्या घरात गेली. त्सुकासाने वाकागाशिरा नेमला ताकायामा कियोशी. हा कोदो-काईचाच, त्सुकासानंतरचा तिचा दुसरा प्रमुख, म्हणजे त्सुकासाचा मुलगा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्सुकासा शस्त्र बाळगल्याच्या प्रकरणात सहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. हत्यारं अंगरक्षकांकडे होती, पण न्यायालयाने जबाबदारी त्याच्यावर टाकली. एप्रिल २०११ मध्ये तो सुटेपर्यंत बहुतेक काळ टोळी ताकायामाने चालवली, कडक हाताने. दरमहा वर पाठवायची रक्कम काटेकोर वसूल होऊ लागली. जिकिसानांकडून पाण्याच्या बाटल्या, साबण, कागद असल्या रोजच्या वस्तूही मुख्यालयाकडूनच सक्तीने विकत घ्यायला लावल्या जात.

हा पैसा इथे महत्त्वाचा आहे. टोळीत पगार नसतो. पैसा खालून वर जातो: पोरगा बापाला देतो, बाप त्याच्या बापाला. त्याच्या बदल्यात मिळतं ते नाव आणि संरक्षण. म्हणून गादी म्हणजे नुसता मान नाही, सगळ्या नद्या जिथे येऊन मिळतात ते तळं आहे. ते तळं एकाच घराच्या अंगणात कायमचं राहणार, अशी भीती बाकीच्यांना वाटली, तर ती खोटी नव्हती. ताकायामाही २०१४ साली एका बांधकाम व्यावसायिकाकडून चार कोटी येन उकळल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, पण त्याचं पद त्याच्याकडेच ठेवलं गेलं. सातवा प्रमुखही कोदो-काईचाच असणार, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये, टोळीच्या शताब्दीच्याच वर्षी, ७२ जिकिसानांपैकी १३ जण बाहेर पडले. म्होरक्या होता यामाकेन-गुमीचा इनोउए कुनिओ. नव्या संघटनेचं नाव त्यांनी ठेवलं कोबे यामागुची-गुमी. इचिवा-काईने नाव सोडलं आणि ती हरली, हा धडा त्यांनी घेतला असावा. या वेळी बंडखोर नाव आणि चिन्ह सोबत घेऊनच निघाले. पण नाकारलेल्या पेल्यांवर उभ्या राहिलेल्या संघटनेत पुन्हा पेल्याची सक्ती कोण कुणावर करणार? २०१७ साली तीही फुटली. पुढे खुद्द यामाकेन-गुमीच कोबेवाल्यांना सोडून गेली आणि २०२१ मध्ये मूळ टोळीत परतली. बंडाचं ज्या घरात बीज पडलं, ते घरच माघारी गेलं.

रक्त या वेळीही सांडलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ताकायामा तुरुंगातून सुटला. त्याच महिन्यात कोबेत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि नोव्हेंबरात आमागासाकी शहरात भररस्त्यावर कोबेवाल्यांच्या एका नेत्याला लष्करी पद्धतीच्या स्वयंचलित रायफलने मारण्यात आलं.

बाप म्हणवतोस, तर मुलाचं भर

ही नाती टोळीने स्वतःच्या फायद्यासाठी घडवली. जपानच्या न्यायालयांनी मग तीच नाती टोळीवर उलटवली, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

१९९५ साली क्योतोमध्ये दोन टोळ्यांच्या भांडणात यामागुची-गुमीच्या एका खालच्या शाखेतल्या माणसांनी एका पोलिसाला ठार केलं. साध्या कपड्यांत पहाऱ्यावर असलेल्या त्या पोलिसाला त्यांनी विरुद्ध टोळीचा माणूस समजलं होतं. त्याच्या कुटुंबीयांनी दावा लावला तो थेट सर्वोच्च बापावर, वातानाबेवर. वातानाबेने त्या पोरांना कधी पाहिलंही नसेल. पण १२ नोव्हेंबर २००४ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कंपनीचा मालक जसा कामगाराने कामावर असताना केलेल्या नुकसानाला जबाबदार असतो, तसाच हा प्रमुख त्याच्या उतरंडीतल्या माणसांना जबाबदार आहे. सुमारे आठ कोटी येनांची भरपाई. खालून पैसे घेताना जी साखळी चालते, तीच साखळी दोष वर नेतानाही चालेल, असा त्याचा साधा अर्थ. पुढच्या काही वर्षांत कायद्यात दुरुस्त्या होऊन हे तत्त्व आणखी पक्कं झालं. कोण पोरगा कुठे काय करून बसेल आणि त्याचं बिल आपल्या दारात येईल, ही धास्ती त्यामुळे गादीला कायमची चिकटली.

जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या कुदो-काई या टोळीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. तिचा सर्वोच्च माणूस नोमुरा सातोरू याने कुमिचोच्या तोडीचं पद दुसऱ्याला देऊन स्वतः त्याहून वरचं, मानाचं पद घेतलं होतं. हल्ल्यांचे आदेश त्याने दिल्याचा थेट पुरावा नव्हता. पण इतक्या कडक उतरंडीच्या संघटनेत वरच्याच्या संमतीशिवाय असे हल्ले होऊच शकत नाहीत, असं म्हणत फुकुओका जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला फाशी सुनावली. मार्च २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने एका प्रकरणात त्याला निर्दोष ठरवून शिक्षा जन्मठेपेवर आणली. नावापुरतं बाजूला होऊन सूत्रं हातात ठेवायची जुनी सोय आता सुरक्षित राहिली नाही, एवढं मात्र नक्की.

याच क्युशूमध्ये कुरुमे शहरातल्या दोजिन-काई या टोळीत २००६ साली वारसावरून फूट पडली. नवा प्रमुख २००७ च्या ऑगस्टमध्ये फुकुओकात गोळ्या घालून मारला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सागा प्रांतातल्या एका इस्पितळात खाटेवर असलेला एक रुग्ण मारेकऱ्याने चुकीच्या ओळखीतून ठार केला. टोळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कुरुमेच्या सहाशेच्या वर रहिवाशांनी मग एकत्र येऊन टोळीचं मुख्यालय हटवण्यासाठी दावा लावला. सूड घेणारे ज्यांच्या शेजारीच राहतात, अशा माणसांनी स्वतःच्या नावाने सही करून असा दावा लावणं, याला किती धैर्य लागलं असेल! याकुझांच्या कथांमध्ये ‘निन्क्यो’ म्हणजे दुबळ्यांच्या बाजूने उभं राहणारं शौर्य, याचा फार गौरव असतो. तो शब्द मला त्या कुरुमेकरांसाठी वापरावासा वाटतो. याकुझांसाठी नाही.

कायद्याचा फास १९९२ पासून आवळत गेला. त्या वर्षी टोळ्यांना ‘निर्देशित’ ठरवण्याचा, म्हणजे सरकारी यादीत घालून त्यांच्यावर निर्बंध आणण्याचा कायदा लागू झाला. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत टोळीशी व्यवहार करणाऱ्या सामान्य व्यावसायिकालाही जाब विचारणारे नियम आले. सदस्याला बँक खातं, मोबाइल, भाड्याचं घर मिळणं अवघड झालं. टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षं हे शेपूट सुटत नाही, आणि सुधारू पाहणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही यामागुची-गुमींना ‘संघर्षरत’ ठरवलं गेलं. ठरावीक शहरांत त्यांच्या पाच किंवा अधिक सदस्यांनी एकत्र जमायचं नाही, कार्यालयांत शिरायचं नाही. ज्या टोळीचं अस्तित्वच समारंभांवर उभं आहे, तिला जमायलाच बंदी.

आकडे बघा. १९६३ साली जपानमध्ये टोळ्यांची माणसं १,८४,००० च्या आसपास होती. २०२४ अखेर, सहयोगी धरून, ती १८,८०० उरली. एकट्या यामागुची-गुमीत फुटीच्या आधी, २०१४ अखेर, २३,४०० होती. उरलेल्यांत निम्म्याहून अधिक जणांनी पन्नाशी ओलांडलेली आहे. विशीतली मुलं विसात एक असावीत. जगायला वाव नसलेल्या तरुणाला आज पेला पिऊन जन्मभर कुणाचा मुलगा व्हायचं नसतं. तो फोनवरून एका कामापुरता जोडला जातो आणि काम झालं की सुटतो.

७ एप्रिल २०२५ रोजी यामागुची-गुमीच्या वरिष्ठांनी कोबे ज्यात येतं त्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांना एक लेखी हमी दिली: भांडण संपवतो, यापुढे गडबड करणार नाही. त्याच महिन्यात ताकायामाने वीस वर्षांनी वाकागाशिराचं पद सोडलं आणि त्याच्या जागी ताकेउची तेरुआकी आला. हा कोदो-काईचा तिसरा प्रमुख. म्हणजे त्सुकासा बाप, ताकायामा मुलगा, ताकेउची नातू. २०१५ साली तेरा जण ज्या भीतीने घर सोडून गेले, ती शब्दशः खरी झाली.

त्सुकासाचा जन्म १९४२ चा. आज ना उद्या सातव्याचा प्रश्न येणार, आणि या वेळी दुसऱ्या नंबरची खुर्ची भरलेली आहे. नव्या बापापुढे कोण मुलगा म्हणून बसतो, कोण धाकटा भाऊ म्हणून आणि कुणाची जागा त्या दिवशी रिकामी दिसते, हे कोबेचे आणि नागोयाचे पोलीस मोजत बसतील.